पाव्हण्यांची मरळ

सांगवीच्या तलावावर फेस यायला लागला तेव्हा सुरुवातीला तो गावाला आवडला. पौषातली सकाळ, गार वारा, आणि काठाकाठानं पांढरे गठ्ठे लागलेले. बायकांनी त्यात गोधड्या बुचकळल्या. गोधड्या लख्ख निघाल्या. साबणाचा खर्च वाचला म्हणून हसनाबादच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या नव्या कारखान्याचं गावात बरंच नाव झालं.

कारखाना स्टिकरचा होता. कपाशीवर मारलेलं औषध पानावरून घरंगळू नये, चिकटून बसावं म्हणून पंपात टोपणभर जे ओततात ते स्टिकर. ते ओतलं की पाणी फेसाळतं, हे ज्याच्या पाठीला पंप लागलाय त्या प्रत्येकाला ठाऊक. त्यामुळं कारखान्यामागच्या नाल्यातून तलावात काय येतंय, असं कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आपल्याच पंपातली वस्तू आपल्याच तलावात आली, यात परकं काय, असा एकूण सूर होता. सरपंच सर्जेराव पारावर म्हणाले, ते पानाला चिकटतं, माशाला कशाला चिकटंल.

माशाला चिकटत होतं. कुठं, ते कचरूनं पाहिलं.

कचरूचं घर तलावाच्या सांडव्याला लागून. तलावाचा ठेका भोयांच्या मच्छीमार संस्थेकडं होता, आणि संस्थेत अध्यक्ष, सचिव, सगळे होते. जाळं टाकणारं मात्र कचरूचं एकच घर उरलं होतं. बाकीचे जालन्याला लोखंडाच्या भट्ट्यांवर नाहीतर पुण्याला गेले होते. कचरू रोज उजाडता थर्माकोलच्या तराफ्यावर पालथा पडून हातानं पाणी मारत आत जाई आणि आदल्या दिवशीचं जाळं ओढी. पौषात त्याच्या छातीखालचा थर्माकोल बर्फासारखा लागे. त्या सकाळी त्यानं रोहू जाळ्यातून सोडवला, अंगठ्यानं कल्ला उचलला. कल्ला लालभडक असायचा तो मातकट होता, आणि त्यावर शेंबडासारखा थर. त्यानं दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग आजूबाजूला पाहिलं. पाण्याच्या पाठीवर ठिकठिकाणी रोहू, कटले तोंडं वर काढून आ वासत होते. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, काठाला वाळल्या लिंबाच्या पाल्यासारखी लागली होती.

नंदाबाई पाटी घेऊन बाजारला गेली. हसनाबादच्या बाजारात तिची जागा ठरलेली, गिऱ्हाईकही ठरलेलं. पण बाजारातली बाई मासा घेताना आधी कल्ला उचलते आणि वास घेते. त्या दिवशी पहिलीनं वास घेतला आणि मासा ठेवून दिला. दुसरीनंही ठेवून दिला. तिसरी जरा बोलकी होती. ती म्हणाली, "मावशी, मासे साबनानं धून आनले का वो?" शेजारच्या भाजीवाल्या हसल्या. नंदाबाईही हसली, कारण बाजारात बसायचं तर हसावं लागतं. उन्हं कलेपर्यंत तिनं माशांवर पाणी शिंपडलं आणि भरली पाटी डोक्यावर घेऊन परत आली.

त्या माशांतला एक त्यांनी रांधला. तोंडाला कडवट लागला. उरलेला कुत्र्यापुढं टाकला. कुत्र्यानं हुंगला आणि चार पावलं मागं सरकून बसलं. पुढं या तलावाविषयी पुष्कळ जाणकारांची मतं घेण्यात आली, पण या कुत्र्याचं मत कुणी विचारलं नाही.

पाण्यानं माणसालाही सोडलं नाही. कचरूच्या पिंढऱ्यांना भेगा पडल्या. जाळी धुता धुता नंदाबाईच्या बोटांची कातडी सोलून गुळगुळीत झाली. महिनाअखेरीला ती रेशनला गेली तर यंत्र तिचा अंगठा घेईना. पुसून लावला, थुंकी लावून लावला, दुसऱ्या हाताचा लावला. यंत्राच्या मते नंदाबाई नावाची बाईच नव्हती. दुकानदार म्हणाला, मालकाला धाडा. मालकाचाही अंगठा लागला नाही. दोघं रिकामी पिशवी घडी घालून घरी आले.

मग कचरू सर्जेरावांकडं जाऊन बसला. एकदा बसला, दुसऱ्यांदा बसला. तिसऱ्यांदा नंदाबाई गेली आणि मेलेल्या माशांची पाटी त्यांच्या ओसरीवर उतरवून तिथंच टेकली. तासाभरात वास माजघरापर्यंत गेला आणि सर्जेरावांनी फोन लावला.

तपासणी तशीही होणारच होती. कारखान्याला माल वाढवायला दुसरी टाकी बसवायची होती, आणि त्यासाठी आपल्या पाण्यानं जलचरांना धोका नाही असं कुणाकडून तरी म्हणवून घेणं भाग होतं. ते काम नवीन जालन्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेला मिळालं. प्रयोगशाळा तपासणार, आणि तिचं बिल कारखाना भागवणार, असा नियमच होता; त्यात कुणाची लबाडी नव्हती. सर्जेरावांनी कचरूला समजावून सांगितलं. नाल्याचं पाणी काचेच्या टाकीत भरणार. त्यात याच तलावातले मासे सोडणार. चार दिवस बघणार. मासे मेले तर नाला बंद. जगले तर दुसरी टाकी.

"मंग नाला बंद झाला म्हना की," कचरू म्हणाला. तो पौषानंतर पहिल्यांदा मोकळा दिसला. घरी येऊन त्यानं नंदाबाईला सांगितलं, पुढच्या पावसाळ्यात बोटुकली जास्त सोडू.

प्रयोगशाळेच्या प्रीती मॅडम आल्या. वयानं लहान, बोलायला गोड, हातात निळे मोजे. त्यांनी नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून घेतलं, फेसाचा फोटो काढला, नंदाबाईच्या हातचा चहा घेतला. जाताना म्हणाल्या, "काका, परवा मासे न्यायला येऊ. इथलेच पाहिजेत. पण जिवंत हवेत, एकदम तगडे. मेलेला, अर्धमेला एकही चालणार नाही. तसा मासा चाचणीला घेताच येत नाही."

कचरूला हे बोलणं फार आवडलं. असंच बोलणं त्याच्या घरात तीन पिढ्या चालत आलं होतं.

त्याच्या आज्याच्या काळापासून घराची एक रीत होती. पाव्हण्याच्या दारात मेलेला मासा न्यायचा नाही. बाजारात काय विकायचं ते विका. पाव्हण्याला द्यायचा तो जिता, अंग हलवणारा. आज्यानं निजामाच्या तहसीलदाराला जिती मरळ पोचवल्याची गोष्ट घरात अजून सांगत. मरळ हा त्यासाठीच केलेला मासा. काळी, जाड, सापाच्या डोक्याची. तिला पाण्याची फारशी पर्वा नाही. अधूनमधून वर येते, तोंडानं वारा घेते आणि खाली जाते. ओल्या पोत्यात गुंडाळून दिवसभर नेली तरी उतरवल्यावर शेपूट मारते. कचरूची लेक वंदना जालन्याला मस्तगडात दिलेली. तिच्या सासरी दर वर्षी अशीच मरळ जाई. यंदाही जावयासाठी कचरूनं निवडक मरळी सांडव्याखालच्या डबक्यात वेगळ्या राखून ठेवल्या होत्या.

मासे न्यायला येण्याच्या दिवशी नंदाबाई हरभरा सोंगायला चालली होती. मासा खपेना तेव्हापासून ती लोकांच्या रानात जाई. विळा कमरेला खोचताना तिनं दोनदा सांगितलं, "रव्हूची पिल्लं द्या बरं. तलावातली. जल्दी काढून ठेवा, म्याडम यायच्या टायमाला पाण्यात उतरू नका."

कचरूनं तसंच केलं. तराफ्यावर जाऊन बारीक जाळ्यानं रोहूची पिल्लं धरली, हंड्यात तलावाचं पाणी घेतलं, पिल्लं त्यात सोडली आणि हंडा सावलीत ठेवला. तोंड धुवून, धुतलेला सदरा घालून आला तर पिल्लं वर तरंगून आ वासत होती. त्यानं पाणी बदललं. बदललं म्हणजे तलावातलंच दुसरं घेतलं. एक पिल्लू कडेला लागलं, मग दुसरं. त्यानं हातानं पाणी हलवलं, पंच्यानं वारा घातला. तिसऱ्यांदा पाणी बदलेपर्यंत हंड्यात चंदेरी पोटं वर झाली होती.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

पाव्हणे दारात आणि हंड्यात मुडदे. कचरूनं इकडंतिकडं पाहिलं, हंडा उचलला आणि घरामागच्या बाभळीत पालथा केला. कावळे उतरले. मग तो सांडव्याखाली पळाला, डबक्यात उतरला आणि जावयाच्या मरळी एकेक करून हंड्यात घातल्या. त्यांनी हंड्याला असे काही तडाखे मारले की त्याचा धुतलेला सदरा भिजून गेला. त्याला बरं वाटलं.

प्रीती मॅडम हंड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "बापरे, किती तगडे आहेत."

"जावयाचे व्हते," कचरू म्हणाला. "पन तुमच्या कामाला अव्वलच पायजे."

यावेळी प्रयोगशाळेचे मोठे साहेबही आले होते. ते गाडीतून उतरले नाहीत, कारण बाहेर ऊन होतं. हंडा त्यांच्या खिडकीशी नेला तेव्हा त्यांनी काच खाली केली आणि हंड्यात जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मरळ ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय साहेब. बिलकुल जिती."

साहेब "छान," म्हणाले आणि काच वर केली.

संध्याकाळी नंदाबाईनं विचारलं, दिले का मासे. कचरू म्हणाला, दिले, खूश झाले. तिनं कुठले म्हणून विचारलं नाही. तिची कंबर भरून आली होती, आणि रोहू द्यायचं ठरलंच होतं.

निकाल ग्रामसभेत वाचून दाखवला. चावडीपुढं सतरंजी टाकलेली, कारखान्याचे मॅनेजर खुर्चीत, प्रीती मॅडम बाजूच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून. सर्जेरावांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. सुरुवातीचं त्यांनाही कळलं नाही, ते त्यांनी भरभर वाचलं. शेवटी आलं ते सगळ्यांना कळलं: चार दिवसांअखेर चाचणीतील सर्व मासे जिवंत व सक्रिय आढळले.

कचरू पुढंच बसला होता. त्याचा चेहरा उजळला. शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून तो म्हणाला, "मरनार कशे? आपल्या हातचे व्हते."

हे त्यानं म्हटलं, आणि मग कागदात काय म्हटलंय ते त्याच्या डोक्यात हळूहळू उतरायला लागलं. थाप मारलेला हात तिथंच राहिला.

मागं बायकांत बसलेली नंदाबाई उठून उभी राहिली. तिनं सरपंचांना काही विचारलं नाही, मॅनेजरलाही नाही. नवऱ्याला विचारलं.

"कोन्ते दिल्ते?"

कचरू खाली बघून म्हणाला, "मरळ."

चावडीत कुणीतरी खुदकन हसलं. नंदाबाई म्हणाली, मरळ चिखलात बी जगती, पोत्यात बी जगती, तिच्यावरून पानी कसं कळंल. रव्हू सोडून बघा. सर्जेराव शांतपणे म्हणाले, "बाई, तलाव तुमचा, मासे तुमचे, दिले तुमच्या मालकानं. कारखान्यानं तर हात बी न्हाई लावला. आता अजून काय बराबर करायचं?" मॅनेजरांनी मान डोलावली. प्रीती मॅडमनं कागदांची पिशवी उगाच उघडून बंद केली. मग पेढे वाटले. कचरूच्या हातातही एक ठेवला गेला, आणि तो टाकायचा कुठं हे न कळून त्यानं मुठीत धरला. घरी पोचला तेव्हा मुठीत सगळा चिखल झाला होता.

नंदाबाई घरी चूल पेटवताना पाठमोरीच म्हणाली, "रव्हूचं काय झाल्तं?"

"मेले हंड्यातच. तीनदा पानी बदललं."

"आन् म्याडम?"

"आल्त्याच तवर."

ती बराच वेळ फुंकत राहिली. मग म्हणाली, "ते मेलेलेच दाखवायचे व्हते की वो."

"पाव्हन्याला मेला मासा कसा दाखवू?" कचरू म्हणाला. त्याला खरंच समजत नव्हतं. नंदाबाईनं वळून त्याच्याकडं पाहिलं. रागावण्यासारखं तोंड तिला करता आलं नाही. तिनंच या घरात येऊन तीस वर्षं वंदनाच्या, नणंदांच्या सासरी जिती मरळ बांधून दिली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं तलावातून ताजे मेलेले रोहू वेचले, ओल्या फडक्यात बांधले, आणि दोघं जालन्याला निघाले. काळीपिवळीतल्या माणसांनी नाकाला रुमाल लावले. ड्रायव्हरनं गाठोडं टपावर टाकायला लावलं. जालना येईपर्यंत उन्हानं फडकं वाळलं. नवीन जालन्यात स्टेशनच्या पुढं, बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्यांमधून विचारत विचारत प्रयोगशाळा सापडली. दारावरच्या वॉचमननं वास येताच हात आडवा केला. कचरूनं त्याला समजावलं की हे आतल्या साहेबांच्या कामाचेच मासे आहेत. वॉचमन म्हणाला, आतमध्ये जिवंत मासे असतात.

शेवटी प्रीती मॅडम जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्या. जिन्याखाली उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नंदाबाईनं फडकं सोडलं, एका रोहूचा कल्ला अंगठ्यानं उचलला. मॅडमनं वाकून पाहिला. तोंड फिरवलं नाही, हे नंदाबाईच्या ध्यानात राहिलं.

"पुन्हा करा की म्याडम," नंदाबाई म्हणाली. "येक डाव. रव्हू आमी आनून देतो."

"कारखान्यानं सांगितलं तरच पुन्हा करता येतं, मावशी," प्रीती मॅडम म्हणाल्या. "आणि अहवाल गेला पुढं. सरांची सही झाली."

"तुमाला दिसलं न्हाई का, मरळी वर येऊ येऊ वारा घेत व्हत्या ते?"

मॅडम जिन्याच्या कठड्याकडं बघत राहिल्या. "दिसलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, उत्साहात आहेत. मी तसंच लिहिलं. नंतर सरांना विचारलं." मग कचरूला म्हणाल्या, "काका, तुम्ही दुसरा कुठलाही मासा दिला असता ना..." आणि वाक्य अर्धं टाकून वर गेल्या.

परत येताना त्यांनी गाठोडं स्टेशनबाहेर एका कोपऱ्यात सोडलं. मस्तगडला लेकीकडं जावं असं नंदाबाईच्या मनात आलं होतं. पण हात रिकामे होते, आणि अंगाला वास.

फाल्गुनात पाणी उतरलं आणि उरलेल्यात स्टिकर दाट झालं. रोज सकाळी पांढऱ्या पोटांची रांग काठाला लागे. आधी रोहू, मग कटले, मग पोरं गळानं धरतात त्या बारक्या खवल्या. बगळे काही दिवस खूप आले आणि मग अजिबात येईनात. चैत्रात कचरूनं जाळी वाळवून आढ्याला बांधली. थर्माकोलचा तराफा शेरड्यांनी कुरतडला. संस्थेच्या अध्यक्षांनी पुण्याहून फोन करून दुःख व्यक्त केलं.

दुसरी टाकी बसली. तिच्यासोबत कारखान्याच्या फाटकाशी एक हौदही बांधला गेला, निळ्या फरशीचा, भोवती कुंड्या. शुद्ध केलेलं पाणी आधी या हौदात यायचं आणि मग नाल्यात जायचं. हौदात मासे ठेवायचे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला पाण्याचा दर्जा डोळ्यांनी दिसेल. मासे राखायला माणूस पाहिजे होता. मॅनेजरांनी सर्जेरावांना विचारलं, आणि सर्जेरावांनी लगेच नाव सांगितलं. अशा कामात कचरूचा हात धरणारा तालुक्यात नव्हता, हे आता लेखी झालं होतं.

कचरू घरी येऊन सांगायला लाजला. नंदाबाईला ते पारावरच कळलं होतं. ती भाकरी थापत होती. हाताच्या भेगांत पीठ बसलं होतं.

"जा," ती म्हणाली.

"तुला कसं वाटून राह्यलं?"

"मला वाटून काय व्हनार हाये? हरभरा झाला. रानात काम न्हाई. जा."

कचरूला निळी टोपी मिळाली. हौदात सोडायला सांडव्याखालच्या डबक्यातल्या शेवटच्या मरळी त्यानंच आणल्या. शाळेची पोरं हौद बघायला येत. औषधाच्या दुकानदारांची बस आली, त्यांनी फोटो काढले. मरळी सारख्या वर येत, तोंड उघडत, खाली जात. आधी कधी आल्या नव्हत्या इतक्या लवकर लवकर येत. एका पाव्हण्यानं कौतुकानं विचारलं, यांना खायला काय घालता.

"काई न्हाई साहेब," कचरू म्हणाला. "वारा खात्यात."

पाव्हणे हसले. त्यांना तो विनोदी माणूस वाटला.

वैशाखात मोठी पाहणी ठरली. मुंबईचे अधिकारी येणार, फाटकाला हार लागणार. कचरू त्या दिवशी उजाडताच टोपी घालून आला आणि हौदापासून थोड्या अंतरावर थांबला. सिमेंटवर एक ओली रेघ उठली होती, हौदाच्या काठापासून निघालेली, नागमोडी, पुढं पुढं वाळत गेलेली. रेघेच्या टोकाला, फाटकाच्या अलीकडं, मरळ पडली होती. कल्ल्यात माती, अंगाला सिमेंटची पूड. कोरड्यातून एवढं अंतर सरपटत आली होती. आणखी थोड्या अंतरावर फाटक, आणि पलीकडं नुसता डांबराचा रस्ता.

कचरू उकिडवा बसला. मरळीनं शेपूट मारलं. जिती होती.

त्यानं तिला दोन्ही हातांनी उचललं, सदऱ्यानं पुसलं. मोठी होती, मस्तगडला न्यावी अशी. तो तिला धरून थोडा वेळ तसाच बसून राहिला. रस्त्याकडून गाडीचा हॉर्न वाजला.

कचरू जल्दी उठला. हौदाशी गेला आणि तिला परत पाण्यात सोडलं.